ग्रामसभेतले शंभर जण कोण?

वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्याचे शेलूबाजार हे बाजाराचे गाव आहे. छत्रपती संभाजीनगरहून नागपूरला जाणारा जुना हमरस्ता इथून जातो. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाल्यावर त्या महामार्गावर चढण्या-उतरण्याची जागाही याच परिसरात आली. अशा गावाच्या बाजारात कोणालाही आवतण लागत नाही. कुणबी शेतकरी, बौद्ध मजूर, तांड्यावरची बंजारा बाई, मुस्लिम फळविक्रेता, माळी, मातंग, मारवाडी व्यापारी, सगळे आपापल्या गरजेने येतात आणि एकमेकांशी घासाघीस करून जातात. ज्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींचे लोक सुमारे 19 टक्के, अनुसूचित जमातींचे सुमारे 7 टक्के आणि बौद्ध व मुस्लिम मिळून लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा आहे, तिथल्या बाजारात ही सरमिसळ दिसणारच. पण ती पाहून गावात सगळ्यांना सारखी जागा आहे असे मानायचे असेल, तर आधी ग्रामसभेची हजेरी पाहावी लागेल. पाणी कोणत्या गल्लीत आधी पोचणार, रस्ता कुठवर होणार, घरकुलाच्या यादीत कोण राहणार, हे बाजारात ठरत नाही. ते ग्रामसभेत ठरते, निदान कायद्याने तिथे ठरायला हवे. गावातल्या समतेसाठी झटणाऱ्या पुढाऱ्यांनी, मग ते निवडून आलेले असोत वा नसोत, आपली बहुतेक शक्ती आता या एका जागेवर लावावी, असे माझे म्हणणे आहे.

महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरतात. म्हणजे गावात 667 पेक्षा जास्त मतदार असले की शंभर माणसे पुरतात. हजारो मतदार असलेल्या बाजारगावातही शंभरच. पाच हजार मतदार धरले तर हे प्रमाण दोन टक्के होते. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट लागत नाही. हा नियम ज्या हेतूने केला तो समजण्यासारखा आहे: माणसे जमली नाहीत म्हणून गावाचे काम अडू नये. पण त्याचा परिणाम असा होतो की एका आळीतले, एका भावकीतले, एका पक्षाचे शंभर जण आले तरी कायद्याच्या लेखी अख्खे गाव आले. शंभर जण कोणत्या वस्तीतून आले, त्यांत बाया किती, भूमिहीन किती, हे हा नियम विचारत नाही. ज्याला गावात आधीच वजन आहे, त्याच्यासाठी शंभर डोकी जमवणे अवघड नाही. ज्याला वजन नाही, त्याला मात्र आपली उपस्थिती दरवेळी नव्याने कमवावी लागते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ग्रामसभा सगळ्यांना खुली आहे, कोणी कोणाला अडवले आहे? दारात उभे राहून सहसा कोणी अडवत नाही, हे खरेच. अडवते ती तारीख. राज्यात ग्रामसभा प्रामुख्याने 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांभोवती होतात. शाळा-कचेऱ्यांना त्या दिवशी सुट्टी असते, पण मजुराला आणि हंगामाला नसते. 2 ऑक्टोबरच्या सुमारास या पट्ट्यात सोयाबीनची सोंगणी ऐन भरात असते. वर्षातली सगळ्यात चांगली मजुरी त्याच दिवसांत मिळते आणि हातचा दिवस कोणी सोडत नाही. 15 ऑगस्टला निंदण-डवरणी चालू असते. 26 जानेवारीला ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर गेलेली कुटुंबे गावात नसतातच. 1 मेच्या सुमारास त्यांतली काही परततात, तेव्हा लग्नसराई आणि विदर्भाचे ऊन असते. स्थलांतर करणाऱ्या भूमिहीन माणसाला वर्षातली एकही तारीख सोयीची पडू नये, असे कोणी मुद्दाम ठरवले नसेल. तरी परिणाम तोच होतो. सरकारी नोकर, दुकानदार आणि घरचे वावर मजुरांकडून करून घेणारा शेतकरी यांना मात्र या चारही तारखा सोयीच्या आहेत. ज्याच्या शेतात उद्या कामाला जायचे आहे, त्याच्याच विरोधात आज उभे राहून बोलणे कठीण असते, हा अडथळा त्याहून वेगळा आणि जुना. दारे उघडी ठेवल्याने तो दूर होत नाही.

कोण आले हे कायद्याने विचारताच येत नाही, असेही नाही. वनहक्क कायद्याच्या 2012 मध्ये दुरुस्त केलेल्या नियमांत ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे जंगलावरच्या हक्काचा निर्णय घेताना जी खबरदारी देशाने आवश्यक मानली, ती नळयोजनेचा किंवा घरकुलाचा निर्णय घेताना मानली नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने तर त्या नियमांच्या कितीतरी आधीपासून सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली. बहुमताने विषय रेटायचा नाही, सगळ्यांचे पटेपर्यंत बोलायचे. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते, ते या सवयीमुळेच. मेंढा हे लहान, बहुतांशी गोंड वस्तीचे गाव आहे आणि शेलूबाजार अनेक जातिधर्मांचे बाजारगाव, म्हणून तिथली रीत इथे जशीच्या तशी उचलता येणार नाही, हे मान्य. पण मेंढ्याने एक गोष्ट दाखवून दिली: सभेची रीत गावाने ठरवायची असते, आणि ती बदलायला वरून आदेश यावा लागत नाही.

वऱ्हाडात समतेच्या कामाची परंपरा मोठी आहे. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचे दार अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून 1927 मध्ये सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली आणि पंजाबराव देशमुख तिच्या पुढे होते. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेत सगळ्या जातिधर्मांच्या माणसांना एका रांगेत बसवले. या माणसांनी त्या काळातली सगळ्यात कठीण गोष्ट निवडली होती. मंदिर, पंगत, बैठक याच जागी भेद उघड चालत होता, म्हणून त्यांनी तिथे हात घातला. आज अनेक गावांत एकत्र जयंत्या होतात, रमजानच्या इफ्तारला हिंदू पुढारी जातात, गणपतीच्या आरतीला मुस्लिम कार्यकर्ते येतात. हे चांगलेच आहे, ते टिकले पाहिजे. पण त्यात आज फारसे कोणाचे काही जात नाही. जायचे असते ते निधीच्या वाटपात, यादीच्या क्रमात, कामाच्या ठेक्यात. त्या सत्पुरुषांची परंपरा चालवायची तर त्यांनी केलेली कृती पुन्हा करून भागणार नाही. त्यांनी जशी आपल्या काळातली कठीण जागा शोधली, तशी आपल्या काळातली शोधावी लागेल.

गावातल्या सगळ्या समाजांना नीट आठवून, नावानिशी बोलावून एकत्र बसवणारी एक जागा आजही आहे: पोलीस ठाण्यातली शांतता समितीची बैठक. सण-मिरवणुकांच्या आधी ती बोलावली जाते तेव्हा कोणत्या मोहल्ल्यातून कोण, कोणत्या विहारातून कोण, कोणत्या मंडळाचा कोण, याची यादी तयार असते आणि एकही समाज राहून गेलेला चालत नाही. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, सगळ्यांना बोलावण्याची यादी करणे कोणालाही अवघड नाही. दोन, आपण ती भांडण टाळण्यासाठी करतो, निर्णयासाठी करत नाही. ज्या माणसाला सणाच्या आधी गावच्या शांततेची जबाबदारी दिली जाते, त्यालाच गावच्या नाल्यांच्या आराखड्याबद्दल विचारायला काय हरकत आहे?

इथे समाजाच्या पुढाऱ्यांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. शांतता समितीच्या धर्तीवर प्रत्येक समाजाचा एकेक माणूस बसवला की समावेश झाला, अशी समजूत सोयीची आहे आणि धोक्याचीही. तांड्याचा नाईक-कारभारी, मोहल्ल्यातला मोठा व्यापारी, वस्तीतला पक्षाचा कार्यकर्ता हे आपापल्या लोकांचे दार उघडतात, तसे कधी कधी अडवूनही धरतात. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याच्या शिक्षांविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 2013 पासून मोहीम चालवली. त्या रेट्यातून सामाजिक बहिष्काराविरुद्ध देशातला पहिला स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने केला आणि 2017 मध्ये तो लागू झाला. तो मुख्यतः समाजाच्या आतल्या जुलमाविरुद्ध होता, हे विसरता कामा नये. म्हणून समतेसाठी काम करणाऱ्या पुढाऱ्याची परीक्षा त्याच्या स्वतःच्या समाजात आधी होते. तो एकटाच सभेला येतो की वस्तीतल्या बायांना, तरुणांना, दिव्यांगांना घेऊन येतो? त्यांच्या वतीने बोलतो की त्यांना बोलू देतो? याबाबतीत शेतकरी संघटनेचे उदाहरण मला मोलाचे वाटते. 1986 च्या चांदवड मेळाव्यानंतर त्या संघटनेने ग्रामपंचायतींसाठी महिलांची पूर्ण पॅनेल उभी केली. जळगाव जिल्ह्यातले विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातले मेटीखेडा या गावांत 1989 मध्ये संपूर्ण महिलांच्या ग्रामपंचायती आल्या, तेव्हा आरक्षणाची घटनादुरुस्ती अजून व्हायची होती. त्यानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत पुरुषांनी बायकोच्या नावावर जमीन करून द्यावी असे आवाहन झाले आणि गावेच्या गावे पुढे आली. पुरुष पुढाऱ्यांनी आपल्या हातातले काही सोडले, म्हणून त्या कामाला वजन होते.

1993 पासून ग्रामपंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा मिळाल्या. आरक्षणाने बाई खुर्चीवर आली, निर्णय मात्र नवराच घेतो, ही तक्रार इतक्यांदा ऐकू येते की आरक्षणच फसले असे मानणारे पुष्कळ आहेत. पुरावा मात्र वेगळे सांगतो. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर द्युफ्लो यांनी केलेला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. राखीव जागांमुळे जिथे स्त्री प्रमुख झाली, तिथे पंचायतीचा खर्च स्त्रियांच्या मागण्यांकडे, विशेषतः पिण्याच्या पाण्याकडे वळलेला दिसला. ज्यांना ही चर्चा चैनीची वाटते, ‘आधी पाणी, रस्ते होऊ द्या, समता मग बघू’ असे जे म्हणतात, त्यांना हा अभ्यास थेट उत्तर देतो. कोण बसले आहे त्यावर पाणी येणार की नाही हे ठरते. विकास आणि समावेश अशी दोन कामे नाहीतच.

खुर्ची मिळाल्यावरही लढाई संपत नाही, हेही खरे. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना अतिक्रमणाच्या आरोपावरून अपात्र ठरवले गेले. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पदावर पुन्हा बसवले आणि गावकऱ्यांना आपली सरपंच एक स्त्री आहे हे पचले नाही, असे स्पष्ट शब्दांत नोंदवले. एका सरपंच बाईला न्याय मिळायला दिल्लीपर्यंत जावे लागले. अशा वेळी गावातले बाकीचे जाणते लोक, शिक्षक, बचत गटांच्या अध्यक्षा, पोलीस पाटील, व्यापारी कुठे असतात, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी अशी तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. ती खरोखर झाली, तिचे ठराव मुख्य सभेत वाचले गेले आणि त्यांवर काय झाले ते पुढच्या सभेत सांगितले गेले, तर सरपंच बाई एकटी पडत नाही. ती सभा फक्त सह्यांपुरती झाली, तर सरपंच बाई एकटी पडते.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. ग्रामसभेत कोणत्या वस्तीतून किती आले हे मोजायला लागलो तर गावात जात पुन्हा जागी होईल, असे म्हणणारे सगळेच वाईट हेतूने म्हणत नाहीत. गाव शांत आहे, ते तसे राहू द्या, ही भावना प्रामाणिक असू शकते. पण वस्ती ही आपण नव्याने आणत नाही. ती रस्त्याच्या टोकाला, नळाच्या दाबात, स्मशानभूमीच्या जागेत आधीच आहे. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता, पण नाव बदलले तरी रस्ता तिथेच संपत असेल तर तो मोजावा लागेल. बाबा आढावांनी 1972 मध्ये ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळ सुरू केली तेव्हाही भेद आता कुठे राहिला आहे, असेच सांगितले जात होते. गावोगाव जाऊन कोणता पाणवठा कोणाला खुला आहे हे पाहिले गेले, तेव्हा ते बोलणे थांबले. या आक्षेपातला एक भाग मात्र मी मान्य करतो: हजेरीत जातीचा रकाना नको. वॉर्ड आणि वस्ती एवढीच नोंद पुरे. एखाद्या वस्तीतून सलग तीन सभांना कोणीच आले नाही हे कळायला तेवढे पुरते, आणि त्यावर पुढाऱ्याने तिथे जाऊन कारण विचारावे, एवढीच अपेक्षा आहे.

शेलूबाजारला हे सगळे आताच का महत्त्वाचे, याचे उत्तर महामार्गात आहे. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. महामार्गाला जोडलेल्या ठिकाणांच्या आसपास जमिनीचे भाव, गोदामे, हॉटेले, नव्या वसाहती हे सगळे येते. महामार्गासाठी जमीन घेतली गेली तेव्हा मुख्यतः मालकाकडून थेट खरेदी झाली. त्या जमिनीवर वर्षानुवर्षे मजुरी करणारा माणूस त्या व्यवहारात कुठेच नव्हता. याच महामार्गाच्या वाटेत अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथली फासेपारधी मुलांची ‘प्रश्नचिन्ह’ शाळा आली. मतीन भोसले यांनी भीक मागणाऱ्या मुलांना गोळा करून लोकवर्गणीतून ती उभी केली होती, आणि तिच्या बांधकामांचा काही भाग पाडला गेला. ज्या समाजाला इंग्रजांच्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्याची मुले पहिल्यांदा शिकत होती, तिथेच रस्ता आला. राज्याचा महामार्ग गावाच्या सभेत आखला जात नाही, हे मला माहीत आहे. पण त्याच्याभोवती आता जे वाढणार आहे, त्याच्या जागा, परवानग्या, गायरान, अतिक्रमणे या बाबी गावाच्या हाती पुष्कळ अंशी येतात. त्या वेळी गायरानावर पाल ठोकून राहणारा माणूस सभेत नसेल, तर अतिक्रमण म्हणून पहिले नाव त्याचेच निघेल.

ठरावांनी काय होते, असेही विचारले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: पती गेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे गावात होऊ नये. पंधरवड्याच्या आत सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे आवाहन केले. या ठरावाला शिक्षेचे बळ नाही, आणि त्यामुळे प्रत्येक घरातली प्रथा थांबली असे कोणी म्हणणार नाही. तरी एखाद्या घरात सुनेने नकार दिला तर ‘गावात असे कोणी करत नाही’ हे वाक्य तिच्याविरुद्ध वापरता येत नाही, कारण गावाने लेखी उलट म्हटले आहे. ठरावाचा उपयोग एवढा असतो आणि तो कमी नाही.

ठरावाला पैशाची जोड मिळाली तर उपयोग वाढतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. मार्चच्या तोंडावर घाईने काहीतरी खरेदी करून हा हिशेब जुळवला जातो, तेव्हा ज्यांच्यासाठी ती रक्कम आहे त्यांना विचारलेले नसते. बाजारगावात दुकानांचे कर, बाजाराचा लिलाव यांतून उत्पन्न लहान खेड्यापेक्षा अधिक असते, म्हणून हे टक्केही इथे अर्थपूर्ण रकमा ठरू शकतात. एप्रिलमध्येच ती रक्कम किती ते फलकावर लिहावे, त्या त्या वस्तीत बसून काय हवे ते ठरवावे आणि खर्च झाल्यावर पावत्या तिथेच वाचून दाखवाव्यात, एवढे एखाद्या सरपंचाने केले तर त्याला समतेवर भाषण करायची गरज राहणार नाही.

वाशिम हा नीती आयोगाने 2018 मध्ये निवडलेल्या देशातल्या 112 आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. तिथे आरोग्य, शिक्षण, शेती, बँक खाती, रस्ते-वीज यांची मोजणी होते. ग्रामसभेत कोण बोलले हे त्यात मोजले जात नाही, म्हणून ते वरून कोणी मागणार नाही. गावातल्यांनीच मागावे लागेल. कायद्याने सांगितलेल्या सभा ही किमान मर्यादा आहे, जास्त घेता येतात. मग एक सभा मेअखेरीस, स्थलांतरित कुटुंबे परतल्यावर आणि पेरणीच्या आधी, सूर्य मावळल्यावर घ्यावी. ती दरवेळी ग्रामपंचायतीच्या इमारतीत न घेता आलटून पालटून तांड्यावर, विहाराच्या अंगणात, मोहल्ल्यातल्या मैदानात घ्यावी. दवंडी आठवडी बाजारात द्यावी, कारण तिथे सगळे असतात. चालता न येणाऱ्या माणसाला आणायची जबाबदारी त्या वॉर्डाच्या सदस्याची असावी. आणि सभा सुरू करण्यापूर्वी मागच्या सभेला कोणत्या वस्तीतून किती जण आले होते, हे मोठ्याने वाचावे. यातल्या कोणत्याही गोष्टीला मंत्रालयाची परवानगी, नवा कायदा किंवा निधी लागत नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने येत्या मेच्या सभेची नोटीस काढताना तारीख, वेळ आणि जागा एवढ्या तीन ओळी बदलल्या, तरी सुरुवात होते.